बांधलेली शीव

"वहिनी, नवऱ्याचा आजार बायकोला लागून पोटातल्या बाळापर्यंत जातो का गं?"

तव्यावरची नाचणीची भाकरी उलटायला पुढं गेलेला रत्नाचा हात तसाच अधांतरी राहिला...!

विचारणारी होती वैष्णवी, तिची अकरावीतली नणंद. नुकतीच भोरच्या एसटीतून उतरून, पाठीवरचं दप्तरसुद्धा न काढता चुलीपुढं येऊन बसलेली. आठवडाभर ती भोरला कुंदाआत्याकडं राहून शिकायची, आणि शनिवारी गावी, हिर्डोशीला आली की घरात जणू चार माणसं वाढायची!

"कुणी... कुणी सांगितलं तुला हे?" रत्नानं विचारलं.

"अगं, काल शाळेत नर्सबाई आल्या होत्या. सिफिलीस म्हणून एक रोग असतो म्हणाल्या. वरून काईच दिसत न्हाई म्हणं, पण पोटातलं बाळ दगावतं. सगळ्या पोरी वहीत तोंड खुपसून खिदळत होत्या! मग शेफाली म्हणली, एवढी धीट हायस तर घरातल्या लग्नवाल्या बाईला विचारून दाखव. सईनं तर वडापावाची पैज लावली! आता आईला विचारलं असतं तर पाठीत उलथनं बसलं असतं, म्हणून तुला विचारलं."

भाकरी करपली. धूर दोघींच्या मधून वर चढत राहिला, तरी रत्नाला ती उचलायचं भान नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून वैष्णवीचं हसू हळूहळू मावळत गेलं...

"वहिनी... आपली दोन्ही बाळं...?"

रत्नानं पिठाचा हात तिच्या तोंडावर दाबला. "गप! तुला माझी शपथ हाय, वैशू!"

किती वर्षं हे गुपित तिनं काळजाशी बांधून ठेवली होती! पहिलं बाळ आठव्या महिन्यात निपचित जन्मलं, तेव्हा तिला काहीच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या खेपेला दवाखान्यात रक्त तपासलं आणि नर्सबाईंनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं... दर आठवड्याला एक अशा तीन सुया, त्यासुद्धा दोघांना, नवऱ्याला आणि बायकोला. वेळेत झाल्या तर बाळ वाचेल. नवऱ्यानं घेतल्या नाहीत तर रोग पुन्हा तुझ्याकडे येईल. सगळं ऐकून ती घरी आली आणि तिनं हनुमंतला, आपल्या नवऱ्याला, सांगितलं. तो तिच्यापुढं लहान मुलासारखा रडला! "लग्नाआधीची चूक हाय गं माझी. टेम्पो घेऊन परगावी असायचो तवाची. कुणाला सांगू नगंस. भावाचं असं कळलं तर आपल्या वैशूला कोण करून घेईल?"

आणि रत्ना मुकी झाली. नवऱ्याच्या नावासाठी, नणंदेच्या लग्नासाठी! नवरा दवाखान्याची पायरी चढला नाही. ती एकटीच गेली, एकच सुई घेऊन आली... आणि तेवढ्यात तिची शीव बांधली गेली.

या घराची रीतच तशी. सासूच्या सासूची एक जाऊ भरल्या दिवसांची माहेरी जाताना घाटाच्या वाटेवर दगावली, तेव्हापासूनची. गर्भार बाईचा पाचवा महिना सरला की सासूनं शिवेवरच्या दगडाला नारळ वाहायचा, आणि कळा लागेपर्यंत सुनेनं गावच्या शिवेबाहेर पाऊल टाकायचं नाही; हेच शीव बांधणं. रत्नाच्या सासूबाईंनी, सगुणाबाईंनी, ती रीत मोठ्या मायेनं पाळली, उपास करून पाळली. पण रत्नाच्या दोन सुया शिवेपलीकडे राहिल्या, आणि दुसरं बाळही गेलं...

मग काय काय ऐकलं तिनं! "हिच्या कुशीला ठरतच न्हाई काई," असं शेजारच्या बनाबाई भर पाणवठ्यावर म्हणाल्या. हळदीकुंकवात बायका तिला ओलांडून पुढच्या बाईची ओटी भरायच्या. ती मान खाली घालून घरी यायची आणि सगळ्यांना गरम भाकरी वाढायची.

आता ही तिसरी खेप. रक्ताची तपासणी पुन्हा तशीच आलेली. गेल्या सोमवारी 'रक्तवाढीची सुई' असं खोटं सांगून तिनं पहिली घेतली होती. दुसरी परवा, सोमवारी. आणि शीव बांधणार होते उद्या! ज्या मायेपायी तिचा जीव गुदमरत होता, त्या मायेला 'नको' तरी कोणत्या तोंडानं म्हणायचं?

"माझ्या लग्नासाठी?" रत्नानं दबक्या आवाजात सगळं सांगितलं, तसा वैष्णवीनं तिचा हात घट्ट धरला. "वहिनी, तू माझ्या लग्नासाठी दोन लेकरं...?"

तेवढ्यात सगुणाबाई दुकानातून नारळ घेऊन आत आल्या. "बाय माझी, उद्या सकाळी न्हाऊन घे बरं. शीव बांधली की म्या सुटले. ह्या खेपेला देव डोळं उघडंल..."

"आई, शीव बांधायची न्हाई!"

"काय बोलतीस, भवाने?"

"वैशू, शपथ हाय तुला!" रत्ना कळवळली.

"शपथेनं बाळ जगत न्हाई, वहिनी!" असं म्हणून वैष्णवीनं एका दमात सगळं सांगून टाकलं. रोगाचं नाव, तीन सुया, दादाचं रडणं... सगळं!

सगुणाबाईंचा हात उठला आणि लेकीच्या गालावर सणकन बसला. "भावावर किटाळ घेतीस? चार बुकं शिकलीस म्हणून?"

आवाज ऐकून पडवीतून सासरे सोनबा आले. अंगणात टेम्पो धूत असलेला हनुमंत ओल्या हातांनी दारात उभा राहिला. सोनबांनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"पोरगी म्हणती ते खरं हाय का रं?"

हनुमंतच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं. त्यानं मान वर केली नाही. आणि त्या खाली झुकलेल्या मानेतच सगळ्या घराला उत्तर मिळालं...!

"बायकोच्या पदराआड लपलास व्हय रं?" सोनबांचा आवाज चिरकला. "दोन येळा माती दिली म्या... ह्या हातांनी... आन् तुला ठावं हुतं?"

"भीती वाटली, आण्णा..." हनुमंत उंबऱ्यावरच कोसळला. "पयल्या येळेचं मला बी ठावं नव्हतं. पण दुसऱ्या येळंला... लोक काय म्हणतील म्हणून म्या..."

सगुणाबाईंना त्याचं पुढचं ऐकू आलंच नसावं. त्या बोटांवर महिने मोजत होत्या.

"म्हंजी... गेल्या टायमाला तू म्हणत हुतीस, आई, एकदाच भोरला जाऊ द्या... ती ह्याच सुईसाठी?" त्यांनी रत्नाकडं पाहिलं. "आन् वाट म्या बांधली? म्या... माझ्या हातानं?"

त्या भिंतीला टेकून खाली खाली बसत गेल्या. त्यांचा हात सुनेच्या पायाकडं गेला, तो रत्नानं मधेच धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"तुमी बाळ जगावं म्हणूनच केलंत, आई. म्याच तोंड उघडलं न्हाई."

"तोंड कसं उघडणार तू? आमी कुणी उघडू दिलं का?" सगुणाबाईंना हुंदका आवरेना. "बनाबाई बोलायची तवा म्या तितंच हुते गं. गप उभी हुते..." आणि इतकी वर्षं एका चुलीपुढं परकेपणानं वावरलेल्या त्या दोघी सासूसुना एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या... रत्ना तर अशी रडली, जणू त्या दोन नाव न ठेवलेल्या बाळांसाठी तिला आज पहिल्यांदाच रडायची मुभा मिळाली होती!

हनुमंत रांगत पुढं सरकला. "रत्ना, म्या..."

"आज नको," रत्ना म्हणाली. एवढंच. पण आजवर त्या घरात तिनं कधी कुणाला 'नको' म्हटलं नव्हतं.

वैष्णवीनं लाल झालेल्या गालावरून हात फिरवला आणि आईआण्णांच्या समोर येऊन ती ताठ उभी राहिली.

"आई, आण्णा, म्या ठरवलंय. वहिनी उद्या माझ्यासंगं भोरला येणार, आन् बाळंत होईपर्यंत कुंदाआत्याकडं माझ्याजवळ राहणार. सोमवारी दुसरी सुई, त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी. म्या सोबत बसणार, शाळा बुडली तरी. दादानं आपल्या सुया घ्याव्यात, डॉक्टरांनी बरा झाला म्हणून सांगावं, आन् मग वहिनीच्या दारात यावं. त्याच्या आधी आला तर दार म्या उघडणार न्हाई. आन् माझ्या लग्नाचं म्हणाल, तर जो कुणी बघायला येईल त्याला ही सगळी गोष्ट म्या स्वतः सांगणार. ऐकून उठून गेला, तर जाऊ दे त्याला!"