खांडीवरची दुपार

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या चुलतबहिणीच्या, पूनमच्या बाबतीत घडलेली आहे. पटली नाही तरी चालेल.

मागच्या वर्षीचा मे महिना. रेवदंड्याच्या खाडीकडचा खारपाट, म्हणजे खाऱ्या पाण्याने नापीक झालेली जमीन. आणि वेळ रात्रीची नव्हे... भर दुपारची.

पूनम एका सोलर कंपनीत आहे. प्रकल्पासाठी जागा पाहायची, ऊन मोजायचं, योग्य की अयोग्य ते लिहायचं, हे तिचं काम. जागा दाखवायला गावचा तुळशीराम आला होता. साठी ओलांडलेला, कमी बोलणारा.

जमीन सपाट. झाड नाही, तार नाही. पूनम खूश झाली.

तिने ऊन मोजायचं यंत्र उभं केलं. आकडा चढला... आणि एकदम पडला.

तिने वर पाहिलं. आभाळ कोरं.

पुन्हा चढला. पुन्हा पडला. माणसं एकामागून एक यंत्रासमोरून जावीत, तसा.

मग आवाज आला...

चपक्... चपक्...

चिखलात पाय पडल्याचा.

जमीन तर भेगाळलेली, ठणठणीत कोरडी.

तुळशीराम चपला काढून, हात जोडून उभा होता.

त्याने सांगितलं, तो लहान असताना एका उधाणात इथला बांध फुटून खांड पडली. समुद्र शेतात घुसला. चिखल टाकून खांड बुजवायला गेलेली माणसं पाण्याने ओढून नेली. त्यात त्याचा बापही होता. एकही सापडला नाही.

"बाय, ती अजून बांधच घालतात," तो म्हणाला. "तू न्हाय म्हनून लिव."

पूनमने अयोग्य लिहिलं. साहेबांनी कारण विचारलं. तिने यंत्रातली नोंद उघडली...

सगळं ऊन सरळ, स्वच्छ. आकडा कुठेच पडलेला नव्हता.

तिने शेरा बदलला.

दिवाळीपर्यंत सोलरच्या रांगा उभ्या राहिल्या. तुळशीरामला तिथेच राखणदार नेमलं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो घरी परतला नाही. लोकांना त्याचा डबा सापडला. झाकण उघडं, भाकरी तशीच. तिथून ओल्या पावलांची रांग... थेट बांधापर्यंत.

परतीचं एकही पाऊल नाही.

पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद केली. त्याची बायको ठमाबाई अजून कुंकू लावते.

आता कंपनीला शेजारचा खारपाट हवा आहे. पाहणीला पूनमच गेली. परवा तिने योग्य म्हणून सही केली.

काही ऐकू आलं का, मी विचारलं.



"नाही दादा. या वेळी ती माणसं थांबली होती... माझ्याकडे बघत."

सोमवारी तिला तिथे हद्दीच्या खुणा रोवायला जायचंय. जाऊ नकोस म्हणालो. मग घर कसं चालवू, तिने विचारलं.