चंद्रावरची डावी चप्पल

हे कुणी खरं मानणार नाही. माझी भाची तर नाहीच. ती लहानपणापासून माझं अर्धंच ऐकते आणि ऐकलेल्यातलं निम्मं सोडून देते. तरी सांगतो. चंद्रावर आज एका बाईच्या चपलेचे ठसे आहेत. सलग, एका ओळीत, सगळे डाव्याच पायाचे. आणि ती बाई चंद्रावर कधीच गेलेली नाही.

"झालं सुरू," भाची म्हणाली.

ती पायरीवर फोन उलटा ठेवून बसली होती. तिचा तो, म्हणजे लग्न ठरल्यासारखा पण न ठरलेला, पुन्हा म्हणाला होता, "अजून एक वर्ष थांबू." म्हणून स्वारी माझ्याकडे आली होती.

"मामा, मी साधं विचारलं. थांबू की नको? तू एकदम चंद्रावर कुठं निघालास?"

"रस्ता तिकडूनच आहे," मी म्हटलं. "ऐक."

फार वर्षांपूर्वी एका बड्या असामीनं जाहीर केलं होतं, की सरकारची मदत न घेता जो कुणी चंद्रावर गाडी उतरवेल, तिथं ती पाचशे मीटर चालवेल आणि तिथला फोटो इकडे पाठवेल, त्याला बक्षीस. बक्षीस एवढं, की आकडा वाचताना मध्ये एकदा श्वास घ्यावा लागायचा. झालं! जगभरचे हुशार आणि जगभरचे रिकामटेकडे एकदमच कामाला लागले. आमच्याकडे दोन्ही होते. आमचा कॅप्टन पूर्वी कपडे धुण्याची यंत्रं बनवायचा. ती इतकी हलायची, की एक यंत्र धुणं घेऊन शेजाऱ्याकडे गेलं होतं. तो म्हणाला, "जे जमिनीवर जागेवर राहत नाही, ते चंद्रावर नक्की चालेल." मला हे पटलं. तरुण होतो, लेथवर काम करायचो, काहीही पटायचं.

बंद पडलेल्या एका बस गॅरेजमध्ये आमचं काम चाले. मधोमध मोठा खड्डा, त्यात खाणीतली दगडाची भुकटी भरलेली. हा आमचा चंद्र. भुकटी इतकी बारीक, की कॅप्टन शिंकला तेव्हा अर्धा चंद्र समोरच्या दुकानातून झाडून आणावा लागला. चाकं माझ्याकडे होती, आणि तीच रुतत होती. गाडी थोडी चालायची, मग चाकं जागच्या जागी गरगरायची आणि गाडी हळूहळू स्वतःला पुरून घ्यायची.

त्या दिवशी मी खड्ड्यात पालथा पडून, गाल भुकटीला टेकवून, चाक कुठं घसरतं ते बघत होतो... आणि नाकासमोर एक पाऊल पडलं.

"अहो! चंद्रावर पाय दिलात!"

"अय्या! मग पाटी लावायची ना."

"चंद्रावर पाटी कोण लावतं?"

"आणि चंद्रावर असं पालथं कोण पडतं?"

मी वर बघितलं. ऊन तिच्या पाठीमागे होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. दिसलं ते हसू आवरताना दाबलेलं ओठाचं टोक. तिनं पाय उचलला. पाय आला, चप्पल राहिली... पट्टा तुटला होता.

"आता घरी कशी जाऊ मी?"

"माझे बूट न्या. चप्पल दुरुस्त करून ठेवतो."

"बूट तुमचे, चप्पल माझी... आणि लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाईंचे पाय मोठे आहेत."

ती माझे बूट घालून, बदकासारखी डोलत, एकदाही मागे न बघता गेली. दारापाशी मात्र एकदा बघितलंच.

चप्पल उचलली आणि मी थांबलो. भुकटीत ठसा उमटला होता. तळव्याच्या नागमोडी रेघा जशाच्या तशा, एक कडसुद्धा ढासळली नव्हती. माझं चाक ज्या भुकटीत बुडत होतं, तिनं ह्या चपलेला कसं घट्ट धरून ठेवलं होतं! मी पट्टा शिवायचा विसरलो. तळव्याचा साचा घेतला, पत्रा कापला, तीच नक्षी चाकाभोवती चढवली. एका तळव्याच्या टाचेला दुसऱ्याची बोटं, त्याच्या टाचेला तिसऱ्याची. चारही चाकांना डावी चप्पल.

चाचणीच्या दिवशी स्पर्धेकडून पंच आले. पंच नव्हे, पंचबाई. हातात माझे बूट.

गाडी भुकटीतला चढ असा चढली, की कॅप्टन तिच्यामागे पळत, "थांब गं, थांब!" म्हणायला लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंचबाई मात्र वाकून मागच्या ठशांकडे बघत राहिल्या. मग स्वतःच्या पायांकडे. मग माझ्याकडे. कानापर्यंत लाल झाल्या.

"ही... माझी चप्पल आहे."

"होती."

"विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर दिली असती?"

"पट्टा तुटलेली? कधीच नाही. नवीन घेऊन दिली असती." मग आवाज एकदम खाली आला. "काय केलंस हे? पंचानं कुठल्याही संघाला साधा खिळासुद्धा द्यायचा नाही, असा नियम आहे. आणि तू मला चाकाला गुंडाळून ठेवलंस."

पहिल्यांदाच ती मला "तू" म्हणाली होती. नियम मला ऐकूच आला नाही.

चाक रद्द करायचं, की पंचपद सोडायचं, हे तिच्या हातात होतं. तिनं वरच्यांना खरं ते सांगून टाकलं आणि पंचपद सोडलं. चाक वाचलं. वरच्यांनी एकच अट घातली : निकाल लागेपर्यंत बाईंचा ह्या संघातल्या कुणाशीही काडीचा संबंध नको, नाहीतर संघ बाद.

"निकाल वर्षअखेर," ती म्हणाली. "तेवढं थांबशील?"

"तेवढं तर मी चपलेच्या पट्ट्यालाही थांबवलंय."

बोलायचं नाही, भेटायचं नाही. पण ठशांबद्दल नियमात काहीच नव्हतं! गॅरेजच्या उंबऱ्याबाहेर आमच्या चंद्राची भुकटी सांडलेली असायची. सकाळी दार उघडलं की तिथं एक ठसा. उजव्या चपलेचा. कामाला जाता जाता ती पिशवीतून ती उजवी काढायची, टेकवायची, निघून जायची. मी चाक आणायचो आणि त्याच्या शेजारी हलकेच फिरवायचो. डावा पाय. जोडी पूर्ण झाली की मग कामाला हात लावायचा. एकदा वारा सुटला होता, ठसा निम्मा उडालेला... पण टाच खोल होती. रागावली होती. दुसऱ्या दिवशी मी दाराजवळ पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. ठसा पुन्हा हलका झाला.

"मामा," भाची म्हणाली, "हे तेवढं छान आहे हं." फोन अजून उलटाच होता.

वर्ष संपत आलं. कुणाचंच यान तयार नव्हतं. चंद्रावर जायला रॉकेट भाड्यानं घ्यावं लागतं, आणि ते भाडं ऐकून आमचा कॅप्टन खुर्चीवर बसला तो दुसऱ्या दिवशी उठला. मग बातमी आली : मुदत वाढली! सगळे संघ नाचले. कॅप्टननं मला उचलून फिरवलं. मी एकटाच रडत होतो, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं.

पुढच्या वर्षी पुन्हा मुदत वाढली. त्याच्या पुढच्याही. स्पर्धेवाल्यांचा स्वभाव फार दयाळू; कुणी हरलेलं त्यांना बघवत नसे. उंबऱ्यावरचे रोजचे ठसे दिवसाआड झाले. मग आठवड्यातून एखादा. भुकटीच कमी सांडते हल्ली, अशी मी मनाची समजूत घालायचो.

एका संध्याकाळी ती स्वतःच आली. दोन्ही पायांत नव्या चपला.

"नियम मोडलास," मी म्हटलं.

"मोडू दे. चंद्र दर महिन्याला वेळेवर येतो रे. तुम्हीच येत नाही." ती उंबऱ्याबाहेरच उभी होती. "संघ सोड. तू बाहेर पडलास की नियमही सुटला. लेथचं काम कुठंही मिळेल तुला."

"आणि चाक? चाक माझं आहे. मी गेलो तर त्याच्याकडे कोण बघणार?"

"चाक तुझं," ती म्हणाली, "आणि चप्पल?"

"शेवटची मुदत आहे ही. कॅप्टन म्हणालाय. ह्यानंतर वाढणार नाही."

तिनं मान हलवली, जशी आपण लहान मुलाला पत्ता विचारून फसलो की हलवतो. मग पिशवीतून ती जुनी उजवी चप्पल काढली. मला वाटलं, मला देणार. मी हातही पुढे केला.

"नाही," ती म्हणाली. "एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. दोघांच्याही कामाची नाही. असू दे."

आणि चप्पल परत पिशवीत ठेवून गेली. ह्या वेळी दारापाशी वळून बघितलं नाही. उंबऱ्याच्या आत ती आलीच नव्हती.

मुदत आणखी एकदा वाढली.

मग एक दिवस ती खरंच संपली. कुणीच पोचलं नव्हतं. स्पर्धेवाल्यांनी सगळ्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं आणि बक्षीस स्वतःकडेच ठेवलं. कॅप्टन टेबलावर डोकं टेकून बसला. मी टोपीसुद्धा न घेता पळत सुटलो. निकाल लागला होता! संघ नव्हता, नियम नव्हता, आता कुणीच मधे नव्हतं. तिच्या घराचं दार तिच्या भावानं उघडलं.

"ताई गेली," तो म्हणाला. "लग्न झालं तिचं. समुद्रापलीकडे असते आता."

"पण... निकाल तर आज लागला."

"हो का? तिनं मुदतवाढ मागितली नाही."

भाचीनं फोन उलटा होता तो सरळ केला. पण बघितलं नाही त्याकडे. तिनं डोळे पुसले, आणि मला कुणाचं रडणं सोसत नाही.

"पण थांब," मी म्हटलं, "रडतेस काय? पुढं ऐक की! स्पर्धा संपली, गाडी कुठं संपली? दूरच्या एका देशाच्या यानात कोपऱ्यात जागा रिकामी होती. कॅप्टननं आमची गाडी त्यात बसवली. उतरली अलगद, कापूस पडावा तशी! पाचशे नाही, हजार मीटर चालली. तिथं वारा नाही, पाऊस नाही, झाडू मारणारं कुणी नाही. सगळे ठसे आहेत तसे आहेत. ती आता जिथं असेल तिथून रोज वर बघत असेल, आणि तिच्या डाव्या पायाचे—"

"मामा, खोटं."

"कशावरून?"

"ते चाक मागच्या अंगणात आहे. तुझ्या पाण्याच्या पिंपाच्या गाडीला." तिनं मागच्या दाराकडे बोट केलं. "मी लहानपणापासून बघते. झाडांना पाणी घालून झालं की तू रिकामी गाडी खांद्यावर घेऊन फाटकापर्यंत जातोस, कंबर मोडलेली असताना. आणि तिथं टेकवून ढकलत परत आणतोस. फाटकापासून दारापर्यंत. रोज. ठसे नेहमी घरात येणारे. एकदाही उलटे नाहीत."