शेवटचं कोण?

सासूबाईंच्या गुडघ्यांनी त्या दिवशी सकाळीच संप पुकारला, म्हणून पिटुकलीला कामावर न्यावं लागलं. आईनं तिला पिवळा फ्रॉक इस्त्री करून घातला, टीचभर केसांच्या दोन शेंड्या बांधल्या, पिशवीत बिस्किटं आणि एक जादा चड्डी टाकली, आणि दोघी धक्क्यावर आल्या.

पिटुकलीची आई बेटावरच्या बागेची प्रमुख होती. बंदराच्या तोंडाशी असलेलं ते बेट दोन पिढ्या लष्कराकडं होतं. तिथं तोफा होत्या, बराकी होत्या, शिपायांची बिऱ्हाडं होती. शहरातल्या माणसाला तिकडं बोट दाखवायचीही चोरी. मग लष्कर गेलं, कुलपं गंजली, आणि वरून हुकूम आला की इथं बाग करा. ती बाग हिनं केली. कवायतीच्या मैदानावर हिरवळ आली, दारूगोळ्याच्या कोठारात चहाचं दुकान आलं, तोफांच्या कट्ट्यांवर बाकं आली. मैदानाच्या कडेला जमिनीत एक तळघर होतं, विमानहल्ल्यात लपायचं. त्याचं लोखंडी दार तिनं पक्कं बंद करून घेतलं, वर मातीची टेकडी रचली, पुढच्या अंगाला घसरगुंडी बसवली आणि मागच्या अंगाला दारावर वेल चढवला. आता तिथं दार आहे असं सांगितलं तर नव्या माळ्यांनाही ती थट्टा वाटे.

जुनी अशी एकच वस्तू तिनं हट्टानं ठेवली होती : विमानहल्ल्याचा इशारा देणारा, खांबावरचा भोंगा. बाग बंद व्हायची वेळ झाली की राखणदार शिट्ट्या फुंकून फुंकून गाल दुखवून घेत आणि लोक खुशाल बसून राहत. “भोंगाच दुरुस्त करू या,” ती म्हणाली होती. “जुन्याची आठवण राहील, आणि लोकही हलतील.”

“मॅडम, ह्याच्या पोटात कावळ्यांचे संसार झालेत,” वायरमन म्हणाला होता. “हा वाजला तर मी मिशी उतरवीन.”

“मग वस्तरा घेऊनच या.”

आज संध्याकाळी तो पहिल्यांदा वाजणार होता.

लाँच सुटताना म्हाताऱ्या लाँचवाल्यानं दोरीला हात घातला आणि रोजच्यासारखं विचारलं, “शेवटचं कोण?”

ही त्याची जुनी खोड. सगळ्यांत शेवटी चढलेल्यानं ‘मी’ म्हटल्याशिवाय तो दोरी सोडत नसे. नेहमीच्या माणसांना सवय झाली होती.

“मी!” पिटुकली किंचाळली. लाँचभर हशा पिकला. दोरी सुटली.

वाटेत आईनं कौतुकानं भोंग्याचं सांगितलं. सुकाणूवरचा म्हाताऱ्याचा हात थबकला.

“तो कशाला वाजवताय?”

“आजोबा, तुम्ही तर तिथंच वाढलात ना? तुम्हाला उलट बरं वाटेल.”

त्याचा बाप बराकीत स्वयंपाकी होता, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापुढचं तो कधी बोलत नसे. आज बोलला, पाण्याकडं बघत.

“भोंगा झाला की आम्हा पोरांनी ओळ करायची. पुढच्याचा सदरा मुठीत धरायचा, काही झालं तरी सोडायचा नाही. शेवटी असेल त्यानं ओरडायचं, ‘शेवटचा!’ ते ऐकलं की शिपाई दार लावायचा.”

“म्हणजे सराव.”

“सरावच. बहुतेक वेळा.”

ती थांबून राहिली. त्यानं सुकाणू वळवलं. धक्का आला तेव्हा फक्त एवढंच म्हणाला, “नको वाजवू, पोरी.” एरवी तो तिला मॅडम म्हणत असे.

“अहो, आता कुठली विमानं यायचीत?” ती हसली.

तो दोरी बांधायला वळला.

संध्याकाळ मोठी छान पडली होती. हिरवळीवर तिरपं ऊन, घसरगुंडीवर ढकलाढकली, कुणाच्या तरी वाढदिवसाचे फुगे. पिटुकली वाळूत बसून बिस्किटांची पेरणी करत होती. आईनं वायरमनला हात केला.

भोंगा आधी घशातल्या घशात घुरघुरला. मग आवाज चढत गेला, चढत गेला, आणि बेटभर पसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. “मिशी!” आई ओरडली. वायरमननं दोन्ही हातांनी मिशी झाकली.

तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मुलांचा आवाज येत नाहीये.

झोक्यावरचा मुलगा चालत्या झोक्यावरून उतरला. घसरगुंडीच्या शिडीवरची मुलं तशीच मागं खाली आली. एका मुलीनं हातातलं आइस्क्रीम खाली ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. कुणी रडलं नाही, कुणी आईकडं पाहिलं नाही. सगळी चालत टेकडीच्या मागं गेली, जिथं बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसता वेल होता. तिथं त्यांनी ओळ केली. प्रत्येकानं पुढच्याचा शर्ट मुठीत धरला.

“अगं बाई, किती गोड!” कुणाची तरी आजी म्हणाली. “शाळेत शिकवलेलं दिसतंय.”

दोघा-चौघांनी मोबाइल काढले. मग एका बापानं मुलाला हाक मारली. मुलगा वळला नाही. त्यानं पुन्हा मारली, नाव घेऊन, दरडावून. मोबाइल एकेक करून खाली आले.

ओळीतल्या पहिल्या मुलानं पानांत हात घातला. शोधावं लागलं नाही. जिथं कडी होती, तिथंच तो हात गेला.

पिटुकली ओळीच्या टोकाला उभी होती. ती अजून कुठल्याच शाळेत जात नव्हती.

“बंद करा तो!” आई ओरडली. “बंद करा!”

भोंगा उतरत उतरत विझला. मुलं हलली नाहीत. ती कशाची तरी वाट पाहत होती.

आई धावली, पिटुकलीसमोर गुडघ्यांवर बसली. गालाला हात लावला. गाल गार होता.

“चल सोन्या, झाला खेळ.”

“हळू बोल, आई.”

तिला म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं. खेळ असेल, तर तो संपवायचीही रीत होती. “बरं, हळू. तू शेवटची ना? मग म्हण बघू, ‘शेवटची’.”

पिटुकलीनं नवलानं तिच्याकडं पाहिलं. आईला एवढंही कसं कळत नाही, असं.

“मी कुठं शेवटची?”

आणि तिनं मान वळवून मागं पाहिलं. वर नाही, खाली नाही. आपल्याच उंचीच्या कुणाकडं पाहावं तसं.

आईनंही पाहिलं. मागं हिरवळ होती.

पण सकाळी इस्त्री केलेला तो पिवळा फ्रॉक पाठीवर गोळा झाला होता. एवढ्याशा मुठीएवढा चुणीचा गोळा. आणि कापड मागं ताणलेलं होतं.

तिनं पोरीला खस्सकन उचललं. फ्रॉक आधी आला नाही.

मग आला.

त्याच क्षणी सगळी मुलं एकदम रडू लागली, झोपेतून दचकून उठावीत तशी. आया-बाप धावले. वायरमनचे हात अजून मिशीवरच होते.

लाँचमध्ये सगळ्यांना चढवून आई शेवटी चढली. तो तिचा कामाचा नियमच होता. पिटुकली तिच्या खांद्यावर होती, दोन्ही हात गळ्यात.

लाँचच्या काठाशी टेकून ती उभी राहिली, आणि मागून तिचा कुर्ता कुणीतरी ओढला.

हळूच. तिला ती ओढ चांगली ओळखीची होती. ती ओट्याशी उभी असताना पिटुकली अशीच धरायची. मागायचं काही नसे, नुसतं आई आहे ना, बघायचं असे.

पिटुकलीचे दोन्ही हात तिच्या गळ्यात होते.

तिनं वळून पाहिलं नाही.

म्हाताऱ्यानं दोरीला हात घातला. “शेवटचं कोण?”

आईनं पिटुकलीला घट्ट धरलं. पिटुकली तिच्या खांद्यावरून मागं वाकली आणि कुजबुजली,

“म्हण ना. घाबरू नको.”

म्हाताऱ्याची नजर आईच्या चेहऱ्यावर नव्हती. तिच्या मागं होती, धक्क्यावर, कमरेच्याही खाली. मग उत्तर ऐकल्यासारखी त्यानं मान डोलावली, काठावरून वाकून हात पुढं केला, काहीतरी हलकंसं अलगद आत घेतलं,

आणि दोरी सोडली.