समासातलं अक्षर

कावेरीनं पुस्तक वाचनालयाच्या टेबलावर ठेवलं, तोच बाकावरून एक उंच, सावळा तरुण उठला.

“गुरुजी नाही आले?”

ती दचकली. “तुम्ही...?”

“पंडित. इथं बांधकाम खात्यात ओव्हरसियर आहे. या पुस्तकाच्या समासात उत्तरं लिहिणारा—तो मीच. आज मुद्दाम थांबलो.”

कावेरीचे कान तापले. तिनं तर चष्मेवाला, पेन्शनीतला म्हातारा कल्पिला होता!

युरोपातल्या गॉथिक चर्चवरचं ते जाड पुस्तक परभणीच्या वाचनालयातून तिचे वडील आणि हा न पाहिलेला वाचक, दोघंच आलटून पालटून नेत. बहात्तर सालापासून. वालूरच्या शाळेत चित्रकला शिकवणारे वडील, अनंतराव, समासात पेन्सिलीनं विचारत : फ्रान्समध्ये भिंतभर रंगीत काचा, मग इटलीत खिडक्या लहान का? खाली उत्तर येई : तिथलं ऊन आपल्यासारखं असणार, गुरुजी. टोकदार कमानी, छताच्या दगडी फासळ्या, मध्येच जवळच्या चारठाणा गावातल्या जुन्या देवळाचा एखादा खांब...

यंदा चैत्रात वडील गेले. समासाला मात्र तिनं ते कळू दिलं नाही. त्यांच्याच कार्डावर पुस्तक नेलं, त्यांच्यासारखं अक्षर काढून प्रश्न लिहिले. आता श्रावण. खरं सांगितलं तर हा माणूस पुन्हा एक ओळही लिहिणार नाही. आणि न सांगितलं तर?

“गुरुजी...” तिनं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं.

पंडितनं पुस्तक उघडलं. उंच, पातळ भिंतीला बाहेरून पेलणाऱ्या दगडी कमानींचं चित्र. शेजारी प्रश्न : हा टेकू काढला तर?

“हा... तुमचा?”

तिनं मान डोलावली.

“आणि गुरुजी—गेले?”

पुन्हा मान.

त्यानं प्रश्नाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “पण मागच्या खेपेला तुम्हीही याचं उत्तर दिलं नाहीत.”

“काय देणार? टेकू काढू नये, एवढंच लिहायचं होतं. पण चैत्रापासून त्या प्रश्नांची ओढच लागली; गुरुजींना लिहिताना असं का व्हायलंय, हेच कळंना. लय घोळात पडलो होतो.”

“आणि आता?”

“आता तर जास्तच!”

ती हसली. चैत्रानंतर पहिल्यांदाच... आणि डोळे भरून आले. दोन्ही एकदम कसं, तिलाही कळेना.

“अहो, वाचनालय हाय हे!” टेबलामागून ग्रंथपाल बन्सीधर खेकसले. “पुस्तक कोणाच्या नावावर टाकू? गुरुजींच्याच?”

पंडितनं पुस्तकावरचा हात मागे घेतला.

“त्यांचं कार्ड रद्द करा,” कावेरी म्हणाली. “नवं करा. नाव—कावेरी.”

“पंधरा दिवसांनी आणा,” बन्सीधर म्हणाले.

“पंधरा दिवस?” पंडित पुटपुटला.

“रविवारी चारठाण्याच्या देवळात आणते,” ती पुस्तक छातीशी धरत म्हणाली. “पेन्सिल तुम्ही आणा.”