बावीस नंबरचा कप्पा

आधी ते फोन खिशात घाला, नाहीतर मी चाललो झोपायला. हं, आता कसं!

मी शाळेच्या ऑफिसात होतो तेव्हाची गोष्ट. गणिताचे सर आणि मी, रोजचा चहा एकत्र. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळी पावणेआठला सर माझ्याकडून किल्ली घेऊन शाळेत गेले. टेबलाच्या खणातून एक वस्तू आणायची, बस, एवढंच काम.

वस्तू कोणती, ते सांगतो. सरांच्या वर्गात दाराशी कापडी कप्पे टांगलेले होते, प्रत्येकावर हजेरी नंबर. सकाळी पोरांनी आपला फोन त्यात ठेवायचा, सुटताना घ्यायचा. सर पक्के आळशी. नावं पुकारायचेच नाहीत. कप्प्यात फोन असला की पोर शाळेत, कप्पा रिकामा की पोर गेलं!

आदल्या वर्षी वरच्या मजल्यावर प्रयोगशाळेला आग लागली. घंटा झाली, पोरं फोन ओढून मैदानात पळाली. सरांनी कप्पे पाहिले. सगळे रिकामे. बंबवाल्यांनी विचारलं, आत कोणी आहे? सर म्हणाले, "माझा वर्ग पूर्ण बाहेर आहे."

बावीस नंबरची पोरगी वर बाथरूमला गेली होती. तिचा फोन मैत्रिणीने आणला होता. तो वाजला. मैत्रीण रडत म्हणाली, "सर, तिची आई आहे. आणि ती कुठेच दिसत नाहीये."

सरांनी फोन घेतला. "घाबरू नका ताई, मुलगी बाहेर आहे. मी मोजलीयत सगळी."

तेव्हा नुसतं वळून बघितलं असतं ना रे, तर वाचली असती पोरगी.

चौकशीत सर म्हणाले, फोन मी तिच्या हातात दिला, ती दप्तरासाठी परत आत पळाली. मैत्रिणीला असा दम भरला की ती गप्पच झाली. सरांचा जबाब मीच लिहून घेतला. ती माउली कपाळ बडवत होती, "दप्तर हरवू नकोस म्हणून मीच ओरडले होते हो..."

फोन मात्र सरांच्या खणात. तो नाहीसा करायला गेले होते ते.

खण उघडला. वर्षभर बंद पडलेला फोन... उजळला. वाजायला लागला. 'आई'.

सरांनी बोट लावलं नाही. तरी उचलला गेला.

आतून त्यांचाच आवाज. "घाबरू नका ताई..."

मग खोकला. लहान पोरीचा. फोनमधून नाही...

पाठीमागून.

फोन तिथेच टाकून सर पळाले, थेट माझ्या दारात. सगळं ओकले. "कोणाला सांगू नकोस," म्हणाले. मी नाही सांगितलं. जबाबावर माझं अक्षर होतं ना! लाज वाटते आजही.

सोमवारी सकाळी, पोरं यायच्या आधीच, ती आई ऑफिसात आली. तिचा फोन माझ्यासमोर धरला. शनिवार, सात बावन्न, मुलीचा नंबर.

"दादा, सर म्हणाले मुलगी बाहेर आहे. मी धावत दार उघडलं... कोणी नव्हतं. तो फोन तर तिच्याबरोबर जळाला होता ना?"

तिला घेऊन वर्गात गेलो. शनिवारी रात्री मीच जाऊन शाळेला कुलूप लावलं होतं, रविवारभर किल्ली माझ्याकडे. खण उघडा होता. रिकामा.

आईने माझा हात घट्ट धरला. ती दाराकडे बघत होती.

एकेचाळीस कप्पे रिकामे होते. बावीस नंबरच्या कप्प्यात फोन होता.