आत्याच्या भिंतीवरची काच

वीज गेली तशी काकांनी पायरीवरची पोरं जवळ ओढली. "ऐका. माझ्या ओळखीच्या एका गवंड्याच्या बाबतीत घडलेलं आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या."

त्या गवंड्याचं गाव संरक्षित. सरकारी यादीतलं. खिडकीची चौकटसुद्धा विचारल्याशिवाय बदलायची सोय नाही. वळणावरच्या सगळ्यात जुन्या घरात आत्या एकटी राहायची. कुणाची सख्खी नव्हे, अख्ख्या गावाचीच आत्या. तिच्या भिंतीला भेग गेली, तेव्हा कचेरीनं गवंड्याला काचपट्टी लावायला सांगितली. भेगेवर आडवी काच, दोन्ही टोकांना गिलावा, वर तारीख. तीन महिने काच शाबूत राहिली तर घर पक्कं. तुटली तर भिंत सरकतेय, घर पाडायचं.

आत्यानं ओल्या गिलाव्यात आपली वाकडी करंगळी दाबली. "माझीही सही राहू दे. तू लावलीस ना, आता मी निवांत झोपते बघ."

तीन महिने भरले त्या दिवशी गवंडी तापानं फणफणला होता. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तू पड. मी बघून येतो." परत आला तो मान खाली घालून. "तुटली रे."

पाठच्या भावावर कोण संशय घेतं? गवंड्यानं अंथरुणातूनच कागदावर सही ठोकली.

आत्याला परक्या खोलीत हलवलं. महिन्याभरात ती गेली.

घर पाडायच्या आदल्या रात्री, मंगळवारी, पावणेबाराला गवंड्याला आठवलं, आपला ओळंबा, भिंत सरळ आहे का बघायची दोरी-वजन, तिथंच खुंटीला राहिलाय. सकाळी सातला यंत्र येणार होतं.

"आणि एकटाच गेला?" पुतणी कुजबुजली.

"बापाच्या हातचा ओळंबा होता तो, बाई. गेला."

दार ढकललं. आत अंधार. आणि...

टक्.

तो थांबला.

टक्. टक्.

काचेवर नखानं वाजवावं तसं. त्यानं बॅटरी भिंतीकडे वळवली. भिंत सरकली तर काच एका रेघेत चिरते. इथं मधोमध चांदणी होती. हातोडीच्या घावाची.

मागून, अगदी कानाशी...

"निवांत झोपले होते रे मी..."

वळला. कुणी नाही.

धावत भावाच्या दारात. भावानं त्याचा चेहरा बघितला, आणि विचारायच्या आतच म्हणाला, "त्या जागेवर दुकान काढायचं होतं, दादा. म्हातारी आज ना उद्या..." पुढचं तोंडातच राहिलं.

गवंडी तसाच मागे फिरला.

काकांनी पोरांना आणखी जवळ घेतलं.

"उजाडताच त्यानं कचेरीत लिहून दिलं, न बघता सही केली म्हणून. परवाना गेला. पण घर वाचलं, अजून उभं आहे. पुन्हा काच लावली, ती काही तुटली नाही."

"आणि भाऊ?"

"त्याच सकाळी भावाची बायको किंचाळली. नव्याकोऱ्या घरात, पलंगाच्या उशाशी, भिंतीवर काचपट्टी. खाली भेग नाही, काही नाही. गिलावा ओला..." काकांनी आपली करंगळी वर धरली, हळूच वाकवली. "आणि त्यात हा ठसा."