खंडेनवमीच्या ठिणग्या

शांभवी मठपतीनं लिफ्टवर चढवलेल्या गाडीखाली उभं राहून रबरी हातोडीनं डब्यावर ठोकलं. आवाज पोकळ आला. तिनं पुन्हा ठोकून बघितलं.

"काका, कन्व्हर्टर रिकामा हाय. आतली जाळीच कुणीतरी काढून नेलीया."

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामधला डबा. धुरातलं विष मारायला त्यात महागड्या धातूंचा लेप दिलेली जाळी असते. त्या धातूंपायीच चोरांचा तिच्यावर डोळा.

दसऱ्यानंतर उद्यमनगरातल्या तिच्या गॅरेजात आलेली ही पहिलीच गाडी. ग्राइंडरच्या मुठीवर अजून झेंडूची माळ होती. गाडी गुळाचे व्यापारी दादासो मगदूम यांची. इंजिनचा दिवा पेटलेला, आवाज घोगरा आणि धूर डोळ्यांत जाणारा.

"आसं कसं?" दादासो म्हणाले. "श्रावणात गाडी चढाला धापा टाकत हुती. कन्व्हर्टर चोंदलाय म्हणून नवाकोरा बसवला. ह्यो अरिहंतच बसवून घेऊन आला."

अरिहंत त्यांचा पुतण्या, धंद्यातला उजवा हात. त्यानं सरळ ड्रायव्हरकडं बोट केलं.

"किल्ली कुणाकडं असती, तात्या? सकाळी आवाज ऐकूनच म्हणलो न्हवं, ह्यानंच काय तरी काढून इकलंय. त्यालाच इचारा की."

किल्ली गुरुसिद्धकडं असायची. कागलचा हा माणूस दादासोंकडं तरणा असताना लागला होता, आता मिशा पांढऱ्या झालेल्या. "मी न्हाय घेतलं, मालक," एवढंच तो म्हणाला.

"ते पोलिसांना सांग." दादासोंनी खिशातून फोन काढला.

शांभवीला राग आला. चोरीचा डाग लागलेल्या ड्रायव्हरच्या हातात कुणी पुन्हा किल्ली देत नाही. फोन लागला की गुरुसिद्धची रोजीरोटी संपणार होती. पण खरं सांगायचं तर तिलाही त्याची खात्री नव्हती. तो नजर चुकवत होता.

"काका, फोन जरा थांबवा," ती म्हणाली. "मला अजून बघायचंय."

तिनं डब्यावर बॅटरीचा उजेड मारला. डबा पोटाला कापून पुन्हा वेल्डिंग केलेला. वेल्डिंगच्या शिवणीवर डांबराचे थेंब, बारीक खडीसकट, भाजून कडक झालेले. धूर तपासणारा मागचा सेन्सर एका छोट्या नळीवर उचलून बसवलेला, आणि ती नळी सैल झालेली.

"काका, गाडीला डांबर कुठं लागलं?"

"आमच्याच गल्लीत. गणपती येणार म्हणून पावसातच रस्ता केला महापालिकेनं. हप्त्यात वाहून गेला. सगळं डांबर गाड्यांनाच."

"त्यानंतर आणि कुठं लागलं?"

"न्हाय."

ती ड्रायव्हरकडं वळली. "गुरुसिद्धमामा, खरं सांगा. नजर का चुकवताय? गाडी मालकांना न सांगता कुठं नेलती का?"

गुरुसिद्धनं मान खाली घातली. "खंडेनवमीला. कागलला, घरी. गाडी धुतली, पूजा केली, बायकोनं ओवाळलं. मालकांना इचारायचं ऱ्हायलं."

"बघा," अरिहंत पुढं सरसावला. "खोटं बोलतोय. त्या दिवशी मी ह्याला हितंच बघितलंय, मागच्या गल्लीत."

"काय करताना?"

"गाडी जॅकवर हुती. खाली ग्राइंडर चाललेला. ठिणग्या उडत हुत्या."

"खंडेनवमीलाच? पक्कं?"

"दुपारी. ह्या डोळ्यांनी बघितलं."

"मग तवाच का नाही सांगितलं?"

"मला वाटलं, काय तरी दुरुस्ती आसंल."

शांभवीनं हातोडी बाकावर ठेवली. मग ती बोलली ते दादासोंकडं बघून.

"काका, तुमच्यात तराजूची पूजा दिवाळीला. आमच्यात हत्यारांची खंडेनवमीला. त्या दिवशी उद्यमनगरात हत्यारं पाटावर मांडली की दसरा हुईपर्यंत पान्यालासुदिक कुणी हात लावत न्हाय. ग्राइंडर तर लांबच. गल्लीत कुणालाबी इचारा. अरिहंतदादांनी ठिणग्या बघितल्या त्या मनातल्या."

"दिवस इसरलो आसंन," अरिहंत म्हणाला.

"आसंल की. पण डांबर इसरत न्हाय. वेल्डिंगवर डांबर हाय, म्हणजे वेल्डिंग आदी, डांबर मागनं. डबा गणपतीच्या आदीच कापलाय. आणि डबा नवा न्हाईच. ह्यो कंपनीतनं गाडीबरोबर आलेला, पार गंजलेला. नवीन कवा बसलाच न्हाय. चोंदलेली जाळी काढली की गाडी पळाया लागती, म्हणून तुमाला वाटलं काम झालं. दिवा लागू नये म्हणून सेन्सर नळीवर चढवला. नळी सैल झाली आणि दिवा पेटला. श्रावणात गाडी कुणाकडं हुती?"

दादासोंनी मान वळवून अरिहंतकडं बघितलं. गुरुसिद्ध तेव्हा काविळीनं कागलला अंथरुणावर होता. गाडी अरिहंत चालवायचा.

"नव्या कन्व्हर्टरचं पैसं ह्येनंच नेलं," ते हळू म्हणाले.

"आणि जुनी जाळीबी इकली. आसलं काम करणारा बाळासो वेल्डर गडमुडशिंगीत हाय. लावू त्याला फोन?"

"नको," अरिहंत म्हणाला.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. दादासोंनी पुतण्यापुढं हात केला. अरिहंतनं दुकानाच्या चाव्या त्या हातावर ठेवल्या आणि तो खाली मान घालून गेटबाहेर पडला.

मग दादासो ड्रायव्हरकडं वळले. "गुरुसिद्ध, चुकलं माझं. रिक्षा बघ, घरी जाऊ."

गुरुसिद्ध जागचा हलला नाही.

"घरी नगं, मालक. सकाळी मार्केट यार्डात अरिहंतदादांचं ऐकून हमालांम्होरं तुमी मला चोर म्हणला. माझा पोरगा तितंच पोती उचलतोय. त्यानं ऐकलंय. आदी तिकडं चला."

दादासोंचा चेहरा उतरला. कधी कुणापुढं मान न झुकवलेला माणूस. यार्डात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. शांभवीला वाटलं, आता हे काहीतरी कारण काढणार.

"तुझ्या पोराचं नाव काय रं?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"शिवकुमार."

"चल," दादासो म्हणाले. "पयलं त्यालाच सांगतो."